कोपराचं भोक

बसा. पंखा लावत नाही, तेवढं सोसा. माझ्या धाग्यांना वारा चालत नाही, एक उडाला की अर्धा दिवस जमिनीवर रांगावं लागतं, आणि गुडघ्यांनी हल्ली माझ्याशी बोलणं टाकलंय. तुमची ही विजार बघितली. वाईट वाटून घेऊ नका, हिला रफू होणार नाही. ठिणगी पडली ना, तिथली कड बघा, वितळून कशी टणक झालीय. नखाने वाजवा, बाटलीच्या बुचासारखी वाजते. हिच्याकडे मला द्यायला धागाच नाही. आतून ठिगळ लावून देतो, ते जमेल, पण रफू म्हणाल तर नाही. आता आलाच आहात आणि बाहेर ऊन रणरणतंय, तर एक गोष्ट सांगतो. एका भोकाची गोष्ट आहे. हसा, हसा, माझा सगळा धंदाच त्याच्यावर चाललाय. पन्नास वर्षं मी लोकांची भोकं बुजवली. दिसतंय म्हणून लोक भांडले, उशीर झाला म्हणून भांडले, एकाने तर माझी कात्री उचलून नेली. पण गेल्या मंगळवारी एक बाई आली, तुम्ही बसलाय त्याच स्टुलावर बसली, मांडीवर कोट घेतला आणि मला म्हणाली, "माझं भोक कुठंय?"

मला आधी वाटलं, बाई कौतुक करतेय. आमच्या धंद्यात कौतुक असंच असतं, कुठं होतं ते सापडत नाही म्हणायचं. मी आपला फुगलो. म्हटलं, "बाई, ते सापडलं असतं तर मी दुकान बंद केलं असतं." ती हसली नाही. लोकरीचा जाड कोट, पुरुषी, जुन्या किटलीच्या बुडासारखा रंग. उजवी बाही तिने उलगडून माझ्यासमोर धरली आणि कोपरावर बोट ठेवलं. "इथं होतं." म्हटलं, "होतं." "आता नाही." "नाही." "मग ते कुठंय?" हे तिने इतकं सरळ विचारलं, जसं एखादीने आपली छत्री विचारावी. मला काय झालं सांगू? ह्या जिन्याखाली मी बसतो, डोक्यावर सगळ्या इमारतीची पावलं. कधी कधी एखादा वरून उतरताना पायरी संपली तरी आणखी एक आहे समजून पाय टाकतो, आणि धप्पकन आवाज येतो. तसं माझं झालं. पन्नास वर्षांत कोणी माझ्याकडे भोक परत मागितलं नव्हतं.

कोट तिने आणलाच नव्हता ना. तीन आठवड्यांपूर्वी तिची मुलगी घेऊन आली होती. ती मुलगी म्हणजे घाईचं काम, एक कान फोनला, एक माझ्याकडे. "काका, बाबांचा कोट आहे. बाबा गेले. आई हल्ली घरात हाच घालून बसते, कोपर हे असं फाटलेलं, बघवत नाही. आणि कसर लागली तर सगळाच जाईल. असं करा, की इथं कधी काही होतं हेच कळायला नको. आईला मी सांगितलेलं नाही, तिला एकदम दाखवणार." म्हटलं, "वेळ लागेल." "किती?" "कोट सांगेल तेवढा." तिने माझ्याकडे असं बघितलं, की म्हातारा सरकलाय. पण मी खोटं बोललो नव्हतो. ती गेल्यावर मी कोट मांडीवर घेतला आणि त्याच्यावर हात ठेवून नुसता बसलो. हे माझ्या उस्तादाचं. सुईला हात लावायच्या आधी कापडावर तळवा ठेवायचा, आणि ते कोमट होईपर्यंत उचलायचा नाही. "आधी ओळख होऊ दे, मग त्याच्या पोटात हात घाल," असं म्हणायचा. लोकर लगेच ओळख देते बघा. हात ठेवलात की ती तुमची ऊब घेते, थोडी स्वतःजवळ ठेवते आणि उरलेली परत करते. सुती कापडाला जरा वेळ लागतो, ते आधी गार बसतं, मानी असतं, मग एकदा आपलं म्हटलं की आपलं. आणि ही तुमची विजार, माफ करा, हिच्यावर हात ठेवला की हातालाच घाम येतो. ती घेतही नाही, देतही नाही.

उस्तादाकडे मी सतराव्या वर्षी गेलो. शाळा तिसरीतच सुटली होती, मधली वर्षं कुठं कुठं ओझी उचलण्यात गेली. उस्ताद लहानखुरा माणूस, मान कायम वाकडी, आणि बोलायला लागला की सगळं कापडावर आणून ठेवायचा. त्याच्या भाच्याचं लग्न मोडलं तर म्हणाला, उभे धागे बरे होते, आडवे कच्चे होते. त्याने मला पहिलं वर्षभर फक्त धागे काढायला शिकवलं, घालायला नाही. कारण रफू म्हणजे काय, ते लोकांना माहीत नसतं. लोकांना वाटतं, रफूगाराकडे रंगीत दोऱ्यांची पेटी असेल, त्यातला जुळता दोरा घेऊन तो भोक विणत असेल. पेटी असते ती शिंप्याकडे. मी दोरा बाहेरून आणत नाही. चांगल्या शिवलेल्या कपड्याच्या खालच्या काठाला आत दुमड असते, अस्तराखाली झाकलेली. ती मी उसवतो, तिथून त्याच कपड्याचा धागा चिमट्याने एकेक करून काढतो आणि भोकावर उभा-आडवा विणतो. त्याचाच धागा, त्याच वयाचा, त्याच रंगाचा, तेवढाच धुतलेला. म्हणून दिसत नाही. आणि उस्तादाचा नियम असा, की जेवढं भोक तेवढंच आतून घ्यायचं, आणि तेही एकाच जागेवरून. उभे धागे तिथूनच, आडवेही तिथूनच. इकडचा एक ओढ, तिकडचा एक ओढ, असं केलं की हातावर पट्टी मारायचा. "चोर इकडंतिकडं हात मारतो. तू मागून घेतोयस. मागणाऱ्याने एकाच दारात उभं राहावं."

तेव्हा मला ह्यातलं काही कळलं नाही, पट्टी तेवढी लागली. पुढं पुढं काम करताना कळायला लागलं. देवाधर्माचं मला विचारू नका, त्या खात्यात माझं फारसं येणं-जाणं नाही. पण कुठल्याशा डोंगरावर एक मेंढी पाला खाऊन, थंडी खाऊन अंगावर केस वाढवते. कोणीतरी ते कातरतं, कोणी पिंजतं, कोणी कातून त्याचा धागा करतं, कोणी मागावर बसून विणतं, आणि एक शिंपी तीन बोटं दुमड आत ठेवून शिवतो. ती तीन बोटं कशाला? त्यात त्याचा काय फायदा? कापड वाचवलं असतं तर त्याच्याच खिशात गेलं असतं. त्याने ती ठेवली ती अशा दिवसासाठी, जो त्याला बघायला मिळणार नव्हता. अशा भोकासाठी, जे त्याच्या हयातीत पडणार नव्हतं. आणि अशा माणसासाठी, म्हणजे माझ्यासाठी, ज्याला तो ओळखत नव्हता. ह्या कोटाची दुमड उघडली तेव्हा मी क्षणभर हात जोडले. कोणाला, ते नाही सांगता येत. चांगली रुंद दुमड, आतला रंग अजून ताजा, बाहेर चाळीस वर्षांचं ऊन लागलेलं आणि आत काल विणल्यासारखं. कोट ड्रायव्हरचा होता हे मला नंतर कळलं, पण उजवं कोपर बघून मी ओळखलं होतं, की हा माणूस जन्मभर कुठंतरी उजवं कोपर टेकून बसला. खिडकीच्या कडेला, नाहीतर टेबलावर. कपडा सगळं सांगतो. फक्त त्या भोकाची एक गोष्ट मला समजली नव्हती. टेकून झिजलेलं भोक लांबट पडतं. हे गोल होतं. कोणीतरी रोज थोडं थोडं फिरवून केल्यासारखं गोल. मी नवल केलं आणि सोडून दिलं. तिथंच माझं चुकलं. भोक काहीतरी सांगत होतं आणि मी सुई शोधत होतो.

सुईचं आता वेगळंच सांगायला हवं. माझी घरची होती तोवर मला सुई ओवणं माहीतच नव्हतं. मी दिवसभर इथं धागे काढायचो, काळ्या कागदात ओळीने ठेवून कागद दुमडून घरी न्यायचो. संध्याकाळी ती दारात बसायची आणि ओवायची. एक धागा एक सुई, वीस सुया, पंचवीस सुया, आणि लावायची ह्या उशीवर, ही बघा, तिनेच जुन्या चादरीची केलेली. डावीकडे उभे, उजवीकडे आडवे. सकाळी मी उशी उचलून इथं यायचो, की काम सुरू. तिची बडबड चालू असायची. "हा कोणाचा हो? फार खरखरीत आहे, माणूसही असाच असणार." कधी म्हणायची, "हा रेशमाचा मला ठेवून घ्यावासा वाटतोय, एका धाग्याने काय बिघडतंय?" मी म्हणायचो, "उस्ताद पट्टी मारेल." "तुमचा उस्ताद मरून वीस वर्षं झाली." "त्याची पट्टी नाही मेली." असं. लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली आणि आमचं बहुतेक बोलणं दुसऱ्यांच्या कपड्यांवरून झालं. पण त्यातूनच आमचंही बोलून व्हायचं. ती जाऊन चौदा महिने झाले. आणि ती गेली त्याच वर्षी माझ्या डोळ्यांच्या मधलं दिसेनासं झालं. कडेचं सगळं दिसतं. तुमचे कान दिसतात, स्टुलाचे पाय दिसतात. तुमचं नाक तेवढं दिसत नाही, तुम्ही चांगलं नाक घेऊन आला असाल तर मला सांगा, मी विश्वास ठेवतो. सुई दिसते, तिचं नेढं दिसत नाही. डोळ्याचा डॉक्टर तरुण आहे, भला आहे. म्हणाला, "आजोबा, पडद्याच्या मधोमध झिजलंय." म्हटलं, "म्हणजे भोक पडलंय." "तसंच समजा." "मग कडेचा धागा काढून मध्ये घालता येत नाही का?" तो हसला, मग हसायचा थांबला, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "ते अजून आम्हाला येत नाही."

तर ड्रायव्हरचा कोट मी असा केला. धागे काढले बोटांनी, ते डोळ्यांशिवाय येतं. चौतीस उभे, एकतीस आडवे. ओवून घेतले गिऱ्हाइकांकडून. जो येईल त्याला म्हणायचो, एवढ्या दोन सुया ओवा, मग तुमचं काम बघतो. एका वकिलाने पाच ओवल्या, दूधवालीने अकरा ओवल्या आणि मला नावं ठेवत ओवल्या. विणताना मान वळवून, कोंबडी दाण्याकडे बघते तशी, डोळ्याच्या कडेने बघायचो. सतरा दिवस. शेवटचा आडवा धागा आत दडपला, वरून ओलं फडकं टाकून इस्त्री दाबली, थंड होऊ दिलं, आणि तळवा फिरवला. काही नाही. नुसती लोकर. मला मनातून ठाऊक होतं, की हे माझं शेवटचं बारीक काम. पुढं ठिगळं, हुक, बटणं. म्हटलं, असो, शेवट तर उस्तादाला दाखवण्यासारखा झाला. दोन दिवस मी स्वतःवर इतका खूश होतो, की वरून जाणाऱ्यांच्या पावलांनाही नमस्कार घालत होतो.

आणि मग ही बाई, आणि तिचं भोक.

मी विचारलं, "बाई, भोक कशाला हवंय?" ती जरा वेळ बाहीच कुरवाळत बसली. मग म्हणाली, "आमचे हे बस चालवायचे. हा कोट थंडीत, आणि खरं सांगायचं तर उन्हाळा सोडून कायमच. संध्याकाळी ड्यूटी संपली की आम्ही चालत घरी यायचो, मी डेपोच्या फाटकाशी उभी असायची. मला त्यांचा हात धरावासा वाटायचा. पण रस्त्यावर नवऱ्याचा हात कसा धरणार? ओळखीची माणसं. हेही लाजरे. मग एकदा माझ्या लक्षात आलं, कोपराला बारीक भोक पडलंय. मी चालता चालता त्यात बोट घातलं. कोणाला दिसत नाही. लांबून बघणाऱ्याला वाटावं, दोघं शेजारी शेजारी चाललीत. ह्यांनी काही म्हटलं नाही. फक्त दुसऱ्या दिवसापासून कोपर जरा माझ्याकडे धरून चालायला लागले." वरून कोणीतरी जोरात जिना उतरलं, तेवढं तिने जाऊ दिलं. "बत्तीस वर्षं, भाऊ. मी शिवायला घेतलं की म्हणायचे, राहू दे, हवा खेळते. अर्धं भोक त्यांनी पाडलंय, अर्धं मी. मुलीला हे कसं सांगणार? तिने प्रेमाने केलं. कोट माझ्या अंगावर चढवला आणि म्हणाली, बघ आई, कोपर बघ. मी बोट फिरवलं आणि..." मग सरळ माझ्याकडे बघून म्हणाली, "तुम्ही घातलंय, तुम्हाला काढता येईल. परत तसं करून द्या."

म्हणून ते गोल होतं. मला तेवढंच सुचलं. बोटाने फिरवून गोल.

मी म्हटलं, "देतो." दुसरं काय म्हणणार? कोट घेतला, चिमटा घेतला, भिंग घेतलं, आणि कोपरावर माझं काम शोधायला लागलो. सापडेना. डोळ्याच्या कडेने बघितलं, बाही उजेडाला धरली, उलटी केली, बोटांनी चाचपली, ओठ लावून बघितला, ओठाला बोटापेक्षा जास्त कळतं. काही नाही. माझे पासष्ट धागे त्या लोकरीत असे मुरून गेले होते, की मी अंदाजाने चिमटा मारला असता तर धडधाकट जागा फाटली असती. बाई बघत होती. "तुम्हालाच सापडत नाही?" "नाही." "मग मुलीला फसवलं नाहीत म्हणायचं, काम चोख केलंय." हे ती टोमणा म्हणून बोलली की दिलासा म्हणून, मला कळलं नाही. माझ्या पाठीवरून घाम उतरला, आणि तो बंडीने टिपून घेतला. तो गारवा खांद्यापाशी आला तशी तिथली फट मला जाणवली, रोज जाणवते तशीच. आणि मी चिमटा खाली ठेवला.

ही बंडी. सदऱ्याच्या आत आहे, थांबा, दाखवतो. सुती आहे, हातमागाची. उस्तादाने माझ्या लग्नात कापड दिलं होतं, घरचीने हाताने शिवली, इंचात चोवीस टाके, मोजून बघा. धुऊन धुऊन आता इतकी मऊ झालीय, की अंगावर आहे हे कळत नाही, नसली तर कळतं. मुलगा चांगला आहे, दर वर्षी मला झुळझुळीत शर्ट आणतो, दोनावर एक फुकट. मी घालतो, पण आत ही असते. आणि ही बघा डाव्या खांद्यावर फाटलीय. चार बोटांची फट. रफूगाराच्या अंगात फाटकी बंडी, सून ओरडते, "बाबा, लोक काय म्हणतील?" ही फट चौदा महिन्यांपूर्वीची आहे. घरचीला स्ट्रेचरवरून पलंगावर घेत होते. मी वाकलो होतो, तिने आधाराला माझा खांदा धरला, आणि तिच्यात इतका जोर अजून होता, कापड टरकन फाटलं. तिने ते ऐकलं. त्या अवस्थेत मला म्हणाली, "फाडलं का मी? द्या, ओवून देते." ते तिचं शेवटचं धड बोलणं. त्यानंतर मी ही बंडी रोज धुतो, रोज घालतो आणि फटीला हात लावत नाही. कपडा खांद्यावरून सरकतो, फट दर महिन्याला वाढते, एक दिवस सगळीच चिरत जाणार हे मला ठाऊक. तरी नाही शिवली. कारण शिवली की तिचा हात गेला. आणि हाच मी, स्वतःची फट चौदा महिने जपणारा, दुसऱ्याचं गोल भोक समोर आलं तर विचारलंही नाही, कोणाचं आहे, कशाने पडलंय. तळवा ठेवून ओळख केली म्हणे. कसली ओळख? कापडाशी केली असेल.

मी बाईसमोर तसाच बसलो होतो. आणि खूप दिवसांनी उस्तादाचा आवाज आला, म्हणजे आठवला. सतराव्या वर्षी पहिल्यांदा दुमडीतून धागे काढले तेव्हा मी त्याला विचारलं होतं, "उस्ताद, एकाच जागेवरून उभे नि आडवे सगळे काढले, तर आत भोक पडलं की." तो वाकड्या मानेने हसला होता. "मग? भोक जातं कुठं? भोक जात नसतं बाळा. आपण फक्त त्याची जागा बदलतो. बाहेर असलं की झिजतं आणि वाढतं. आत दुमडीत राहिलं की आहे तेवढंच राहतं." तेव्हा मला वाटलं, म्हातारा टाळतोय. पन्नास वर्षं त्या आतल्या भोकांवर मी अस्तर पुन्हा टाचून देत आलो, हजारो कपडे, आणि एकदाही पुन्हा वळून बघितलं नाही.

"बाई," मी म्हटलं, "कोट अंगात घाला."

"कशाला?"

"घाला तर."

तिने घातला. तिला मोठा होता, अर्ध्या मांडीपर्यंत, बाह्या बोटांपर्यंत. मी गुडघ्यांना शिव्या घालत खाली बसलो, उजव्या बाजूचा काठ हातात घेतला, आणि अस्तराचा माझाच टाका कात्रीने उसवला. दोन बोटं जातील एवढाच. तिचा हात धरला, आयुष्यात परक्या बाईचा हात मी असा धरला नव्हता, आणि तिचं बोट त्या दुमडीत नेलं. "आणखी आत. वर. आता डावीकडे."

तिचं बोट थांबलं.

"हे तुमचं भोक," मी म्हटलं. "मी बुजवलं नाही. बुजवायला माझ्याकडे काहीच नसतं. इथला धागा तिथं गेला, तिथलं भोक इथं आलं. तेवढंच आहे, धाग्याला धागा मोजून घेतलंय, चौतीस आणि एकतीस. इथं ते वाढणार नाही. कोपर टेकलं, भिंतीला घासलं, कशानेच नाही."

बाई बोट हळूहळू फिरवत होती, गोल. मी खालून बघत होतो आणि मला तिचा चेहरा दिसत नव्हता, मधलं दिसत नाही ना, फक्त कानामागचे पांढरे केस आणि कोटाची कॉलर. पण माझ्या हातात काठ होता, आणि तो काठ मला सांगत होता, की तिचा श्वास आधी अडकला आणि मग सुटला. मग म्हणाली, "चालताना हात इथंच येतो की."

"हात खालीच असतो चालताना."

"ते डाव्या हाताला असायचे, आता..." ती स्वतःशीच जरा हसली. "आता ह्या बाजूला या म्हणावं."

मी तिला बसवलं आणि ती फट तशीच ठेवली, अस्तराच्या कडा मात्र बांधून दिल्या, काज करतात तशा, दाट टाक्यांनी, म्हणजे रोज बोट गेलं तरी उसवायला नको. सुया तिने ओवल्या. मला मागावं लागलं नाही, मी सुई उजेडाला धरून डोकं फिरवत होतो, ते बघून तिने हातातून काढून घेतली. "द्या इकडे. कोंबडीसारखं काय करताय?" जन्मभर भोकं बुजवली, हे पहिलं, जे मी शिवून उघडं ठेवलं. उठताना म्हणाली, "मुलीला सांगू नका. तिला वाटू दे, भोक गेलं." म्हटलं, "बाई, मी रफूगार आहे. न सांगणं हाच माझा धंदा." ती बाहेर पडली. दारातून तिचा उजवा हात मला डोळ्याच्या कडेने स्वच्छ दिसला, कोटाच्या काठाशी लोंबत, बोट आत. लांबून बघणाऱ्याला वाटावं, बाई एकटी चाललीय.

तेव्हापासून मी नुसता आभार मानत बसलोय. त्या शिंप्याचे, ज्याने तीन बोटं जास्तीची आत ठेवली. उस्तादाचे, पट्टीसकट. त्या मेंढीचे, जिला कळलंही नसेल आपण काय वाढवतोय. त्या बाईचे तर फारच, तिने माझं पन्नास वर्षांचं काम मला एका प्रश्नात दाखवलं. झुळझुळीत कपड्याचं भोक बाहेर पडलं की बाहेरच राहतं हो, त्याला आत जायला जागाच नसते. माणसाला निदान एक कपडा असा असावा, ज्याच्या पोटात जागा असेल.

बंडी मी काल काढली, वाळवली, आणि आज सकाळी खालच्या दुमडीचे टाके सोडले, तिचे इंचात चोवीस. आत कापड नवंकोरं होतं, लग्नाच्या दिवसासारखं. माझ्या डोळ्यांना ते न दिसता दिसलं. थोडे धागे काढून बंडी परत अंगात घातली, फट आहे तशीच. ती आता खांद्यावरून उतरवून इथं कमरेशी, आत आणायची. तिने फाडलं ते जायला नको, आणि वाढायलाही नको. माझं बारीक काम संपलं असं मी म्हणालो खरं, पण हे राहिलंय.

हे बघा, काळ्या कागदावर आठ धागे आहेत. पांढरे. आणि ह्या आठ सुया. तुमची विजार मी नंतर करतो, तुमचे डोळे चांगले असतील, उजेडाकडे तोंड करून जरा वळून बसा. दोरा थुंकीने ओला करू नका, जुना सुती आहे, टोक दोन बोटांत पिळा, म्हणजे सरळ जाईल. उभे डावीकडे लावा, आडवे उजवीकडे. आणि ओवता ओवता काहीतरी बोलत राहा, कशाहीबद्दल चालेल. मला तशी सवय आहे. घ्या, ही पहिली ओवून द्या.